तळ्याकडचा उतार

१२ मार्च

चि. बेडकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि मग तू तरी फोन आपटतोस नाहीतर मी, म्हणून कागद घेतला. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडून दिले, पण सख्ख्या भावाशी मात्र लाइन लागत नाही. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येणार नाही, एवढा तरी फायदा.

बातमी यांची आहे. मंगळवारी सकाळी अंगण झाडून आत आले तर हे जागेवर नाहीत. ड्युटीचा जुना निळा शर्टही खुंटीवर नव्हता. मागच्या दाराने बाहेर पडून, उतारावरून थेट पाण्यात गेले होते. गुडघाभर पाण्यात उभे, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवल्यासारखे पुढे. मी हाक मारली तर म्हणाले की रस्त्यावर पाणी साचलंय, बस पुढे नेऊ की नको ते कंडक्टरला विचारून ये. मी सांगितलं की कंडक्टर मागे घ्या म्हणतोय. लगेच वळले. एवढी वर्षं बस चालवली, ती शिस्त तेवढी डोक्यात शाबूत आहे, बाकी सगळं पुसत चाललंय. त्या दिवशी मी मधूनच हसत होते आणि मधूनच डोळे पुसत होते.

आता मुद्द्याचं. आपलं घर आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरणीचा बंगला यांच्या मधला उतार नगरपालिकेचा आहे हे तुला ठाऊकच आहे. गल्ली संपते तिथून पाण्यापर्यंत, ज्याला तळ्यावर जायचंय त्या कुणासाठीही. पण आता नगरपालिकेला त्याची निगा राखायला माणसं नाहीत. दोन्ही बाजूच्या घरमालकांनी मिळून अर्ज केला, तर सुनावणी घेऊन ते त्या जागेवरचा हक्क सोडून देणार आहेत. अर्धी जागा तिला, अर्धी आपल्याला. डॉक्टरीण लगेच गल्लीकडे आणि पाण्याकडे पक्की भिंत बांधायला तयार आहे. ती काही वाईट बाई नाही. तिच्या गेटसमोर लोक मोटारी लावतात, बाटल्या फोडतात, मागच्या महिन्यात तिच्या मुलीच्या तळपायात काच घुसली. माझी तर भिंत झाली म्हणजे निदान पाठीमागची काळजी मिटेल. बाबांनी घर आपल्या दोघांच्या नावावर ठेवलंय, म्हणून तुझी सही लागते. अर्ज सोबत पाठवते आहे. खूण केली आहे तिथे सही कर आणि परत पाठव. उगाच चार दिवस विचार करत बसू नकोस, विचार केलास की तुझं काहीतरी भलतंच होतं.

राग आला तर ताजा असतानाच कळव, मुरवत ठेवू नकोस.
तुझी
ताई


२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींचं वाचून फार वाईट वाटलं. आमच्या हिने पत्र दोनदा वाचलं आणि कंडक्टरच्या जागी हसू आलं म्हणून स्वतःवरच चिडली. पण ताई, सही मी करत नाही. अर्ज पाकिटासकट परत पाठवतो आहे.

तुला आठवत नसेल असं मी म्हणणारच नाही, तुझ्या लक्षात सगळं असतं आणि मग ते माझ्या विरुद्ध वापरतेस. त्या उतारावर बाबांनी गल्लीतल्या सगळ्या पोरांना पोहायला शिकवलं. आपली कोण आणि मागच्या चाळीतली कोण असं कधी केलं नाही. मला बेडूक हे नाव तिथेच पडलं. आता तळ्याला सगळीकडून बंगल्यांनी घेरलंय. मागच्या गल्ल्यांतल्या माणसांना पाण्यात पाय बुडवायला एवढी एकच फट उरली आहे, आणि ती आपण दोघांनी सही करून बुजवायची? मी इथे दिवसभर लिफ्टच्या मशीनरूममध्ये तेलाचा वास घेत असतो आणि संध्याकाळी अकराव्या मजल्यावर येऊन बसतो. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते. उघडी जागा म्हणजे काय असते ते मला विचार.

मागच्या दाराला आतून कडी लाव. वर, हात पोचणार नाही अशी. हवी तर मी चांगल्यापैकी कुलूप पाठवतो, आमच्याकडे त्यातले जाणकार आहेत. डॉक्टरणीच्या गेटसाठी नगरपालिकेला मोटारी अडवायला सांग. त्यासाठी तळं कशाला विकायचं? विकायचं म्हणजे तसं नाही, पण तेच.

तू आता पत्राचा बोळा केला असशील. तो सरळ कर, अजून एक ओळ आहे. तू एकटी हे सगळं निभावते आहेस याची मला जाणीव आहे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा
बेडूक


२ एप्रिल

चि. बेडकास,
आशीर्वाद, पण आज थोडे कमी.

तुझ्या सांगण्यावरून कडी लावून तिला घरातलंच एक कुलूप घालून पाहिलं. हे पहाटे उठले, दार ढकललं, मग धक्के मारले, मग मुठींनी ठोकायला लागले. पहिली फेरी चुकली, लोक स्टॉपवर उभे असतील, साहेब रिपोर्ट करतील, असं ओरडत होते. शेवटी दाराशी बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. कधी एक दिवस दांडी मारली नाही या माणसाने. आणि मी त्यांच्या मागे किल्ली मुठीत धरून उभी, तुरुंगातल्या पहारेकऱ्यासारखी. कडी काढून टाकली. तुझं कुलूप तुझ्याकडेच असू दे, तुझ्या तोंडाला लावायला उपयोगी पडेल.

बाबांचं म्हणशील तर मलाही त्यांनी तिथेच शिकवलं. पण तू तळ्यावर प्रेम करतोस ते अकराव्या मजल्यावरून. मी त्याच्या काठावर झोपते, आणि झोपते हे म्हणण्यापुरतं. तिथे नुसती फांदी मोडली तरी मी उठून बसते. चाळीतल्या लोकांचा मी विचार करायचा, आणि माझा कुणी करायचा?

तेव्हा असं कर. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीचं रखडलंय. डॉक्टर ओरडतात, आणि यांना कुणाकडे सोपवू म्हणून मी पुढे ढकलते. तू रजा काढ आणि ये. आठवडाभर यांना सांभाळ. मी ऑपरेशन करून लेकीकडे राहते. त्यानंतर तू म्हणशील ते मी ऐकेन. अर्ज टेबलाच्या खणात आहे. सही कर किंवा फाड, मी एक शब्द बोलणार नाही. मी एक शब्द बोलणार नाही म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

येणार असशील तर आधी कळव, गादीला ऊन दाखवून ठेवते.
तुझी
ताई


१८ एप्रिल
(तुझ्याच स्वयंपाकघरातून)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत हे पत्र भाची वाचून दाखवेल, म्हणून जरा नीट लिहितो. भाचे, मामाच्या अक्षराला हसू नकोस.

आधी सांगतो, भावोजी ठीक आहेत. माझ्यासमोर बसून वाटाणे सोलताहेत, निम्मे वाटीत आणि निम्मे खिशात.

पहिले दोन दिवस मला वाटलं होतं, ताई उगाच बाऊ करते. ते मला डेपोतला नवीन मेकॅनिक समजत होते आणि बसचे ब्रेक कसे आवाज करतात ते समजावत होते. आमचं छान जमलं. बुधवारी पुढच्या दाराने निघाले, तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. थेट डेपोवर पोचले. तिथल्या रखवालदाराने ओळखलं आणि रिक्षात बसवून परत आणून सोडलं. म्हटलं, चला, निभावलं.

काल दूध गॅसवर ठेवलं आणि ते उतू जाईल म्हणून तिथेच उभा राहिलो. तेवढाच वेळ. मागे वळलो तर दार उघडं. धावत उतारावर गेलो तर भावोजी छातीइतक्या पाण्यात, आणि पुढेच चाललेले. तळ्याचा तळ कुठे एकदम खोल होतो ते मला माहीत आहे, म्हणूनच जास्त घाबरलो. कपड्यांसकट उडी मारली. त्यांना धरलं तर माझ्याशी झटापट करायला लागले. अंगात काय जोर गं त्यांच्या! एकदा दोघंही पाण्याखाली गेलो. बाबांचा हा बेडूक आज बुडतो असं मला खरोखर वाटलं. तिथे दोन बायका पोहत होत्या. त्यांतली एक मागच्या गल्लीतली लाँड्रीवाली, अंगाने चांगली दणकट. तिने मागून येऊन भावोजींच्या काखेत हात घातले आणि मोठ्या आवाजात सांगितलं की ड्रायव्हरकाका, शेवटचा स्टॉप आला, आता उतरायचं. ते शांत झाले. आम्ही तिघांनी मिळून त्यांना काठावर आणलं. मी गवतावर बसून इतका थरथरत होतो की तिने आपला टॉवेल भावोजींना न देता मला दिला.

ताई, मी सही केली आहे. अर्ज आज सकाळी डॉक्टरणीच्या हातात दिला. बाबा, चाळ, मोकळी जागा, मी जे जे लिहिलं होतं ते अजूनही मला खरंच वाटतं. पण त्यांना त्या पाण्याखाली पाहिल्यावर ते मला तुझ्यापुढे बोलवणार नाही. तू हे रोज करतेस. मी एक आठवडा केलं आणि माझं वजन उतरलं.

डोळा चोळू नकोस. चोळतेस असं भाची फोनवर म्हणाली.
तुझ्या मायेला पात्र होऊ बघणारा
बेडूक


९ जून

चि. बेडकास,
अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेलेही धरून.

आता मी जे लिहिणार आहे ते वाचून तू कपाळाला हात लावशील. तो लावून घे आणि मग पुढे वाच.

परवा सुनावणी झाली. नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावरचा मोठा हॉल, पंखे गरगरताहेत आणि वारा मात्र नाही. डॉक्टरीण आणि मी पुढच्या रांगेत. मागे वळून पाहिलं तर मागच्या गल्ल्यांतून बरीच माणसं आलेली, तयारीने. शाळेच्या पोहण्याच्या सरांनी तर मोठा फलक आणला होता. माझ्या नव्या डोळ्याला सगळ्यांच्या कपाळावरच्या आठ्या अगदी स्वच्छ दिसत होत्या. ऑपरेशन थोडं उशिरा केलं असतं तर बरं झालं असतं.

अधिकाऱ्यांनी मला बोलायला सांगितलं. मी काही रडले नाही. यांना काय झालंय, ते कसे जातात, तू आणि ते कसे पाण्याखाली गेलात, एवढं सांगून बसले. मग लाँड्रीवाली उठली. मला वाटलं आता ही सोलून काढणार. ती अधिकाऱ्यांना म्हणाली की आम्ही विरोध करायलाच आलो होतो. रोजची इस्त्री उरकली की त्या पाण्यात गेल्याशिवाय माझी पाठ सरळ होत नाही. पण मी स्वतः काकांना बाहेर काढलंय. मी कपड्यांची गाठोडी घेऊन धावत येताना दिसले की ते बस थांबवून धरायचे, मागची माणसं ओरडली तरी. त्यांच्यासाठी असेल तर बांधा भिंत. आम्ही नाही जाणार, दुसरं काहीतरी बघू. ती बसली आणि पाठोपाठ एकेक जण उठून तेच म्हणायला लागलं. सरांनी फलक गुंडाळला. डॉक्टरणीने माझा हात दाबला. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर तर लवकर घरी जायला मिळणार म्हणून केवढा आनंद.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. बसमध्ये कुणी उठून जागा दिली की आपण थँक्यू म्हणून टेकतो ना, तसं टेकायचं होतं फक्त. पण मला बसवेना. मी उठून विचारलं की यांच्यानंतर, म्हणजे पुढे कधी यांचं काही बरंवाईट झाल्यावर, ही जागा लोकांना परत देता येईल का? अधिकारी म्हणाले की नाही बाई, नगरपालिकेने हक्क एकदा सोडला की सोडला. मग ती तुमची, तुमच्या वारसांची, तुम्ही ज्यांना विकाल त्यांची.

तेव्हा मला एकदम तुझ्या पत्रातलं आठवलं. हे पुढच्या दारानेही गेले होते, डेपोवर. तू ते असंच एका ओळीत लिहून पुढे गेलास, आणि मीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाठीमागे भिंत बांधीन, मग पुढे काय बांधणार? सगळ्या शहराला कुठून भिंत घालू? रोग यांचा, आणखी काही वर्षांचा. भिंत मात्र कायमची, आणि तीही ज्यांनी यांना पाण्याबाहेर ओढलं त्यांच्या तोंडावर. खरं सांगू? मला भिंत हवीच नव्हती. यांना माझ्या एकटीच्या हाताने सांभाळणं आता होत नाही, हे म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी भिंत मागत होते. ते मी तिथे सगळ्यांसमोर बोलून बसले, हॉलमध्ये, पंख्यांखाली. आणि अर्ज मागे घेतला.

डॉक्टरीण फार चिडली आहे, आणि तिचं चिडणं बरोबर आहे. माझ्या भरवशावर ती इथवर आली होती. तिच्या गेटसमोर मोटारी लावता येणार नाहीत असे खांब बसवून द्या, हे मी अधिकाऱ्यांकडून कबूल करून घेतलं, पण घरी येताना ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालत होती.

सही तुझी, माघार माझी. तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

यांना ठेवता येईल असं एक निवासी केंद्र लेकीने पाहून ठेवलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू लिही. तुला काय वाटतं ते, माझ्या मनाला काय बरं वाटेल ते नाही.

उत्तराची वाट बघणारी
तुझी
ताई


१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कपाळाला हात लावला होता, तो काढून हे लिहितो आहे. माझ्यावर सही करायची वेळ आणलीस, केली, आणि तू तिकडे भर सभेत उडी मारून पलीकडच्या काठाला निघून गेलीस. वर बेडूक मला म्हणतेस! ही पोट धरधरून हसली.

मला काय वाटतं ते विचारलंस. केंद्राला हो म्हण. भावोजींना आपण टाकतो आहोत असं तुझ्या मनात येईल. मी त्यांना पाण्यात धरलं होतं ताई, माझ्या हातातून ते सुटत होते. दुसरी दोन माणसं आली म्हणून सुटले नाहीत. तूही आणखी हात घे. यात कुणी कुणाला टाकत नाही.

सोडायला जायच्या दिवशी मी येतो. रजा टाकली आहे. नको म्हणू नकोस, तिकीट काढलंय. डॉक्टरणीला मी वेगळं पत्र टाकतो, तिची माफी मागायचा मान निम्मा माझा.

तोवर जेवत जा. नुसत्या चहावर राहशील, माहीत आहे मला.
तुझा
बेडूक


२५ ऑगस्ट

चि. बेडकास,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं. घरात वेळच वेळ आहे, आणि वेळ असला की काहीच होत नाही. पहिले काही दिवस मी दोघांचा चहा टाकत होते. आता एकीचा टाकते, पण भांडं तेच मोठं वापरते.

डॉक्टरणीने तुझं पत्र वाचलं. अजून मोजकंच बोलते, पण माझा दात ठणकत होता तर रविवारी दवाखाना उघडून बघितला. तोंडात तिची हत्यारं असताना मला काही बोलता येत नव्हतं, त्याचा फायदा घेऊन तिने मला मनातलं सगळं सुनावलं. नंतर दोघींनाही बरं वाटलं. खांब बसले. काचा मात्र अजून पडतात, लाँड्रीवाली आणि पोहण्याचे सर आळीपाळीने वेचतात, कधी मीही.

आता यांचं. केंद्र स्वच्छ आहे, मुली मायेने करतात. पण एक गोष्ट बघून माझा जीव तुटायचा. हे तिथे कुठेच बसून राहत नाहीत. खुर्चीवर टेकले की लगेच उठतात. ही जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे, तो येईल आणि आपल्याला उठवेल, असं म्हणतात. जेवायला बसवलं तरी तेच. स्वतःच्या पलंगाच्याही कडेवर टेकतात, पाहुण्यासारखे. मुली सांगून थकल्या की काका, ही तुमचीच खुर्ची. ऐकतात, मान डोलवतात आणि उठतात.

मागच्या रविवारी त्यांना बाहेर न्यायची परवानगी मिळाली. घरी आणायचं मला धाडस होईना, परत नेताना काय होईल म्हणून. मग रिक्षा गल्लीच्या टोकाशीच थांबवली आणि दोघं हळूहळू उतारावरून खाली गेलो. मी त्यांचा दंड घट्ट धरला होता. बरीच माणसं होती, कुणी पोहत होतं, कुणी नुसतं पाय सोडून बसलं होतं. लाँड्रीवालीने लांबून हात हलवला. एका कुटुंबाने न विचारताच सरकून सावलीतली जागा करून दिली.

हे उभेच. मला खालच्या आवाजात विचारलं की ही जागा कुणाची आहे. माझ्या तोंडून आपली म्हणून निघणार होतं, पण तसं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. मी सांगितलं की कुणा एकाची नाही, सगळ्यांची आहे. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग माणसांकडे, सावकाश, एकेकाकडे. मग म्हणाले की असं असेल तर आपण बसलो तरी चालेल.

आणि बसले. पाय लांब करून, पाठ टेकून, अगदी ऐसपैस. ऊन कलेपर्यंत उठले नाहीत.

सवड काढून ये, आणि येशील तेव्हा पोहायचे कपडे आण.
तुझीच
ताई